विनोदी ग्रंथांची नावे आणि लेखकाचे रिकामपण

मराठीतील विनोदी ग्रंथांची नावे एकापाठोपाठ एक वाचीत गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ‘सुदाम्याचे पोहे’, ‘रिकामपणाची कामगिरी’, ‘झेंडूची फुले’, ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावाचे चऱ्हाट’, ‘वायफळाचा मळा’, ‘खोगीरभरती’, ‘नस्ती उठाठेव’, ‘चकाट्या’, ‘अघळपघळ’. लेखक भिन्न, काळ भिन्न, विनोदाची जातही भिन्न. परंतु पाटीवरचा मजकूर जवळजवळ एकच. माल हलका आहे, केला तो उद्योग निरर्थक आहे आणि करणाऱ्याला दुसरे काम नव्हते, असे दुकानदारच दुकानाच्या दारावर लिहून ठेवतो. ग्रंथव्यवहार हा विक्रीचा व्यवहार आहे हे क्षणभर ध्यानात घेतले म्हणजे या पाट्यांचे नवल वाटू लागते. कापडाच्या पेठेत कोणताही व्यापारी आपल्या लुगड्याचा रंग जाणारा आहे असे ओरडून सांगत नाही.

या नावांकडे आजवर विनोदी वाङ्मयाची चर्चा करणाऱ्यांनी केवळ गमतीचा भाग म्हणून पाहिले. वास्तविक मराठी विनोदाने लेखनजीवनाविषयी आणि ग्रंथप्रकाशनाविषयी जे काही सांगितले आहे, त्यातील बराच भाग ग्रंथांच्या आत नसून या मुखपृष्ठांवर आहे. ही नावे ग्रंथाच्या विषयाची नाहीत; ती लेखनकर्माची आहेत. पुस्तकात काय आहे हे ती सांगत नाहीत, पुस्तक लिहिणे म्हणजे काय याविषयी ती बोलतात.

आरंभ अर्थातच श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून करावयास हवा. १९०२ मध्ये ‘साक्षीदार’ या लेखाने त्यांच्या विनोदी लेखमालेचा प्रारंभ झाला आणि १९१० मध्ये अठरा लेखांचे पुस्तक ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ या जोडनावासह प्रसिद्ध झाले. पोहे सुदाम्याचे म्हणजे मूठभर, आणि तेही फडक्यात लपविलेले. हा विनय मात्र जितका दिसतो तितका निर्मळ नाही. सुदामा पोहे घेऊन गेला तो द्वारकाधीशाकडे, आणि परत आला तेव्हा त्याच्या झोपडीच्या जागी सोन्याची नगरी उभी होती, ही कथा वाचकाला पाठ असते. म्हणजे लेखकाने स्वतःला दरिद्री ब्राह्मण ठरविताना वाचकाला श्रीकृष्णाच्या आसनावर बसविले आणि एका मुठीच्या मोबदल्याची अपेक्षा कोणतेही मागणे न करता सूचित करून ठेवली. कोल्हटकर व्यवसायाने वकील होते. न मागता मागणी नोंदवण्याची ही रीत त्यांना अपरिचित असण्याचे कारण नव्हते.

राम गणेश गडकऱ्यांकडे आल्यावर ही सूचकता संपते आणि प्रश्न उघडा होतो. ‘रिकामपणाची कामगिरी’ हे नावच विरोधाभासावर उभे आहे. कामगिरी हा कचेरीतला शब्द. ती कोणीतरी सोपवावी लागते आणि ती पार पाडल्याबद्दल वेतन असते. रिकामपणाला वेतन नसते. येथे एक गोष्ट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. ‘बाळकराम’ या नावाने कविमंडळींची टर उडविणारा लेखक आणि ‘गोविंदाग्रज’ या नावाने प्रेमकविता लिहिणारा कवी हे एकच. एका हाताने काव्य आणि दुसऱ्या हाताने ‘कवींचा कारखाना’, असा हा दुहेरी संसार होता. त्यामुळे गडकऱ्यांच्या उपहासात बाहेरच्या माणसाची तुच्छता नाही. आपणही त्याच मुशीतले आहोत ही जाणीव आहे, आणि म्हणूनच तो उपहास अद्याप शिळा झालेला नाही.

कारखाना हा शब्द सोलापूरच्या वाचकाने जरा थांबून वाचावा असा आहे. सोलापुरात जुनी गिरणी १८७७ च्या सुमारास उभी राहिली आणि पुढील काळात या शहराचे घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर लागले. ज्या गावाने खरा कारखाना पाहिला आहे त्याला गडकऱ्यांच्या शीर्षकातील विनोद अधिक खोलवर कळतो. गिरणीत मालाला उठाव नसला म्हणजे पाळ्या कमी होतात, आणि उठाव नाहीच असे ठरले म्हणजे दरवाजा बंद होतो. कवीच्या कारखान्याला ही अडचण कधीच येत नाही. तेथे मागणी शून्य असली तरी उत्पादन अव्याहत चालू असते, आणि तोटा मोजण्याची वहीच ठेवलेली नसते.

चिंतामण विनायक जोशी यांनी आपली नावे शेतातून आणि घाम गाळण्याच्या कामांतून उचलली. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ चे, ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ चे, ‘वायफळाचा मळा’ १९३६ चा. गुऱ्हाळ चालविणे, चऱ्हाट वळणे, मळा पिकविणे ही तिन्ही कामे अंगमेहनतीची. जोशी मात्र पाली भाषेचे अध्यापक आणि बडोदे संस्थानच्या दप्तराचे अधिकारी होते. श्रमाची भाषा आणि श्रमाचा अभाव यांतून हा विनोद निघतो.

इंग्रजी वाङ्मयाशी तुलना केली असता या प्रवृत्तीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पोपच्या ‘डन्सियड’मध्ये, म्हणजे १७२८ मध्येच, उपहासाचा विषय पोटासाठी लिहिणारा भाडोत्री लेखक आहे. गिसिंगच्या १८९१ च्या ‘न्यू ग्रब स्ट्रीट’मध्ये तोच लेखक शोकाचा विषय होतो. दोन्ही ठिकाणी गृहीत एकच: लेखनाला बाजार आहे, आणि तो बाजार माणसाला बिघडवितो किंवा मारतो. इंग्रज उपहासकार पैशासाठी लिहिणाऱ्याला हसला. मराठी विनोदकार पैशावाचून लिहिणाऱ्याला हसला. आमच्याकडे ग्रब स्ट्रीट नव्हती, कारण त्या गल्लीत राहण्याचे भाडेही लेखनातून सुटत नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. जेरोम के. जेरोमचे ‘आयडल थॉट्स ऑफ ॲन आयडल फेलो’ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा रिकामपणाचे सोंग ही काही मराठीची खास मिरास नव्हे, असे कोणी म्हणेल. सोंग एकच असले तरी त्यामागची स्थिती एक नाही, हे येथे सांगितले पाहिजे. जेरोम तरुणपणी रेल्वेत कारकून होता. त्याच्या पुस्तकांना यश आले, आणि १८९२ मध्ये तो ‘द आयडलर’ नावाच्या मासिकाचा संपादक झाला. रिकामपण हाच त्याचा धंदा ठरला. मराठी विनोदकाराच्या बाबतीत असे क्वचितच घडले. वकील वकीलच राहिला, मास्तर मास्तरच राहिला आणि रिकामपण रविवारपुरते उरले.

परंतु रविवार सर्वांनाच मिळतो असे नाही. या ठिकाणी विनोदी वाङ्मयाच्या इतिहासात सहसा न येणाऱ्या एका नावाची आठवण करणे आवश्यक आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यास मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसरी सभा १८८५ मध्ये भरावयाची होती, तेव्हा रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण धाडले. फुल्यांनी ते नाकारले, आणि नाकारणारे पत्र ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. या पत्रात उपहास आहे, पण तो स्वतःवरचा नाही. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना स्थान नाही त्यांच्या सभेत मिसळण्यात अर्थ नाही, असा त्याचा रोख आहे. मराठीतील ग्रंथकारांच्या सभेवर झालेली ही पहिली जबरदस्त टीका होय. आपला उद्योग रिकामपणाचा आहे असे म्हणून हसणे ही एक चैन आहे, हे या पत्राशेजारी ठेवून कोल्हटकर-गडकरी वाचले म्हणजे जाणवते. ज्याला अक्षर मिळविण्यासाठीच झगडावे लागले, त्याला लेखनास नस्ती उठाठेव म्हणणे परवडणारे नव्हते.

याचा अर्थ विनोदकारांचे हसणे खोटे होते असा नव्हे. ते एका लहान वर्तुळाचे हसणे होते, आणि त्याला त्या वर्तुळाची कड सहसा दिसत नव्हती, इतकेच.

१९२५ च्या ‘झेंडूची फुले’मध्ये हे वर्तुळ प्रथम काहीसे रुंदावलेले दिसते. ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी केलेली विडंबने प्रामुख्याने रविकिरण मंडळाच्या वळणाच्या कवितेची होती. माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांची कविता तोवर काव्यगायनामुळे सभागृहांत पोहोचली होती. विडंबनाला मूळ कविता ठाऊक असलेला वाचक लागतो. अत्र्यांच्या पुस्तकाला हशा मिळाला, याचाच अर्थ मंडळाच्या कवितेला श्रोता मिळालेला होता. विडंबनकाराने नकळत आपल्या सावजाच्या लोकप्रियतेवर शिक्कामोर्तब केले. नाव पुन्हा तसेच: झेंडू, गुलाब नव्हे. मात्र दसऱ्याला दारोदार तोरण लागते ते झेंडूचेच, हे अत्र्यांसारख्या बाजाराची नाडी जाणणाऱ्या माणसाला कोणी सांगावयास नको होते.

१९४१ मध्ये सोलापुरास साहित्यसंमेलन भरले तेव्हा अध्यक्ष वि. स. खांडेकर होते. कोल्हटकरांना गुरुस्थानी मानणारे आणि गडकऱ्यांवर १९३२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करीत मोठे झाले. विनोदातून निघून गंभीर लेखनाकडे गेलेला हा लेखक; त्याने ग्रंथांना दिलेली नावे पाहिली तर त्यांत रिकामपणाचा लवलेश नाही.

पु. ल. देशपांडे यांच्यापाशी परंपरेचे वर्तुळ पुरे होते आणि तिचा धोकाही दिसू लागतो. खोगीरभरती म्हणजे खोगिरात कोंबलेला पेंढा. मासिकाची पाने भरण्याच्या धंद्याला याहून नेमका शब्द सापडणे कठीण. १९५२ च्या ‘नस्ती उठाठेव’ने तोच सूर धरला. १९५८ च्या ‘बटाट्याची चाळ’मधील एका प्रकरणाचे नाव ‘निष्काम साहित्यसेवा’ आहे. गीतेतला शब्द मानधनाच्या चर्चेत आणून ठेवताच मराठी लेखनव्यवहाराचे अर्धे अर्थशास्त्र सांगून होते. तथापि पु. लं.ची पुस्तके घरोघरी गेली, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि तरीही १९९८ मध्ये आलेल्या पुस्तकाचे नाव ‘अघळपघळ’च राहिले. माल खपत असतानाही पाटी बदलली नाही. जो विनय एके काळी परिस्थितीचे वर्णन होता तो येथे संकेत बनला. संकेत बनलेला विनय वाईट असतो असे नाही. पण त्यातील धार गेलेली असते, हे मान्य करावे लागते.

आतापर्यंतचे विवेचन लेखकाच्या बाजूने झाले. तीच नावे वाचकाच्या बाजूने, आणि पुण्यामुंबईपासून दूर उभ्या असलेल्या वाचकाच्या बाजूने वाचली तर काय दिसते? यासाठी सोलापूरनजीकचे होटगी हे ठिकाण उपयोगी आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या गावी मुंबई-रायचूर मार्गाला विजापूर-गदगचा फाटा १८८४ मध्ये मिळाला. एक रूळ रुंद, दुसरा अरुंद. वाडीकडून येऊन विजापूरकडे वळणाऱ्या प्रवाशाला येथे गाडी बदलणे भागच होते आणि मालही एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ ही स्थिती टिकली; पुढील शतकाच्या पहिल्या दशकात गदगचा मार्गही रुंद झाला. अशा जंक्शनवर रिकामपण म्हणजे सोंग नव्हे. ते फलाटावर बसून काढावयाचे प्रत्यक्ष तास असतात. तेथे ज्याच्या हाती विनोदी पुस्तक आहे त्याच्या दृष्टीने ‘रिकामपणाची कामगिरी’ हे लेखकाचे वर्णन राहत नाही. ते वाचकाच्या स्थितीचे वर्णन होते. लेखकाने स्वतःला उद्देशून केलेला विनोद वाचकाच्या पदरी पडतो, आणि तेथे तो अधिक शोभतो.

दुसरी गोष्ट भाषेची. हा प्रदेश मराठी-कानडी अशा दोन भाषांत जगतो. कन्नड कवी द. रा. बेंद्रे सोलापूरच्या महाविद्यालयात १९४४ ते १९५६ कन्नड शिकवीत होते आणि मराठीतही लिहीत होते. घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशा वाचकापुढे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आले तर म्हणीचा अर्थ लागण्याआधी त्याला खरोखरीचे गुऱ्हाळ दिसते. एरंड चरकात घालून गूळ निघत नाही हे तो शेतीच्या ज्ञानावरून जाणतो, आणि मग हसतो. पुणेकर वाचक वाक्प्रचाराला हसतो, हा वस्तूला हसतो. नावातील झिजलेले रूपक अशा वाचकाच्या हाती पुन्हा टोकदार होते.

लेखकाचे रिकामपण लेखकापासून सोडवून घेण्याचे उरलेले काम याच जिल्ह्यातील एका लेखकाने केले. द. मा. मिरासदार यांचा जन्म १९२७ मध्ये अकलूजला झाला. त्यांच्या ‘चकाट्या’ या नावात रिकामपण आहेच. पण चकाट्या पिटणारे आता ग्रंथकार नाहीत. पारावर बसलेली, काम टाळणारी, दुसऱ्याच्या भानगडीत मन रमविणारी गावातील माणसे ती आहेत. लेखक त्यांच्यात बसलेला ऐकणारा आहे. १९६० नंतरच्या दशकात शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासमवेत मिरासदारांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले. ज्या तालुक्यांत पुस्तकांचे दुकान नव्हते तेथे कथा प्रकाशक, छापखाना आणि टपालाचा पुडका यांना वळसा घालून थेट कानावर पडली. श्रोते तिकीट काढून आले, आणि पोह्यांची पुरचुंडी लपविण्याचे कारण उरले नाही.