ओळमोड

संगणकावर टीका करायला माणूस संगणकतज्ज्ञ असावा लागतो, असं तज्ज्ञांचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. दही आंबट म्हणायला म्हैस पाळावी लागत नाही. मी बी.कॉम., बँकेत कारकून; रकान्यात आकडा मावला नाही की गिऱ्हाईकाचा चेहरा कसा होतो, हे काउंटरच्या आतून वीस वर्षं पाहतोय. तेव्हा संगणक मराठीची ओळ जिथे मोडतो, त्या जागेविषयी बोलायचा अधिकार मला आहे.

आमच्या एव्हरशाईन सिटीत नोटीस बोर्डावर एक पत्रक लागलं. मथळा होता 'वसईकर थकले'. म्हणजे पाण्याला आणि सकाळच्या लोकलला कंटाळलेले आम्ही. पण कागद अरुंद. यंत्राने 'वसई' वर ठेवलं आणि 'कर थकले' खाली उतरवलं. निम्मी इमारत महापालिकेच्या पावत्या शोधू लागली.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचे चिरंजीव सॉफ्टवेअरमध्ये आहेत. म्हणाले, "काका, हा बग नाही. मावली तेवढी अक्षरं ठेवली."

"बरं, 'महाराष्ट्र'त अक्षरं किती रे?"

"दहा."

मी बोटांवर मोजली. म, हा, रा, ष्ट्र. चार! त्याच्या हिशेबात काना वेगळा, हलन्ताची खूण वेगळी, 'ष्ट्र' एकटाच पाच जणांचं रेशन घेतो. शिवाय यूटीएफ-8 पद्धतीत साठवताना दर डोई तीन बाइट, म्हणजे तीस. कॉमर्सवाल्याला इथे अफरातफरीचा वास येतो. या मोजणीने ओळ सातव्यावर संपली तर वर 'महाराष्' आणि खाली 'ट्र'. दुसऱ्यावर संपली तर खाली नुसता काना; त्या निराधाराला टेकायला यंत्र ठिपक्यांचं वर्तुळ देतं. स्टेशनात हरवलेल्या पोराला बाकावर बसवतात, तसं.

चिरंजीवांची बाजूही ऐकली पाहिजे. जगातल्या लिप्यांना क्रमांक वाटणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. पहिली आवृत्ती 1991 ची. तिचं म्हणणं, देवनागरीची ओळ दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत मोडा. उत्तम. पण शब्दच रकान्यात मावला नाही तर? हिंदीत का-के-की वेगळ्या पाटावर बसतात. मराठीत सगळी पंगत एका पाटावर, 'एव्हरशाईनमधल्यांसाठीसुद्धा'! मग तोडायचं ते निदान वाचकाला दिसणाऱ्या अक्षराच्या कडेला. आणि गंमत इथेच आहे. अक्षर कशाला म्हणायचं, याच्या युनिकोडी व्याख्येत 'ष्ट्र'चे तीन तुकडे होते! देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम सप्टेंबर 2023 मध्ये, 15.1 या आवृत्तीत आला. म्हणजे ऑगस्टपर्यंत अर्धा 'ष' वर लटकणं ही शिस्त आणि सप्टेंबरपासून चूक. पहिलीतल्या पोराला पाटीवर कळतं ते पुस्तकात यायला बत्तीस वर्षं लागली. तोवर तक्रार करणाऱ्याला उत्तर एकच : नियमाप्रमाणे आहे. हे उत्तर काउंटरवरून मीही देतो, म्हणून त्याची किंमत मला ठाऊक आहे.

शेवटी चिरंजीवांनी इतिहास काढला. "मोडी लिहिताना आधी आख्खी रेघ ओढायचे आणि शब्दांत जागाच सोडत नव्हते. तेव्हा कुठे अडलं?" खरं आहे. पण ती ओळ मोडणारा कारकून स्वतः मराठी वाचणारा होता!

'वसईकर'चं दुखणं तर नव्या नियमानेही जात नाही. 'ई' आणि 'क' यांच्यात जोडाक्षर नाहीच, मोडायला मोकळीक. जुना जुळारी असता तर खिळे थोडे जवळ सरकवले असते, नाहीतर निदान एक आडवी रेघ टाकली असती. त्याला 'कर' दिसला असता. यंत्राला क्रमांक दिसतात.

माझ्या पत्त्यातला 'वसई'नंतरचा '(पूर्व)' असाच खालच्या ओळीत उतरतो आणि पाकिटाच्या खिडकीआड जातो. मग पत्र पश्चिमेला, किल्ल्याच्या अंगाला फिरून आठवड्याने माझ्याकडे येतं. चिमाजी अप्पांना 1739 साली तिकडे जाण्याचं कारण होतं. माझ्या मुदतठेवीच्या पावतीला काय कारण? चिरंजीवांना पाकीट दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "काका, हा बग नाही. तुमचा पत्ता लांब आहे."