निळ्या पडद्यावरचे चार आकडे

विंडोज एक्सपीचा निळा पडदा मी अजूनही चवीने वाचतो. गाणं अर्ध्यावर अडकतं, माउस हलेनासा होतो आणि निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत पानभर मजकूर उमटतो. बहुतेक लोक तो न वाचताच पॉवरचं बटण दाबून धरतात. (रंगसंगतीमागे काही गूढ नाही. विंडोज एनटीसाठी हा पडदा लिहिणाऱ्या जॉन व्हर्ट यांच्या मिप्स यंत्राचं फर्मवेअर आणि स्लिकएडिट हा एडिटर, दोन्ही निळ्यावर पांढरेच होते.)

सुरुवातीलाच पडदा सांगतो, की बिघाड आढळला असून संगणकाचं नुकसान टाळण्यासाठी विंडोज बंद करण्यात आलं आहे. थांबण्याची जबाबदारी तो सरळ अंगावर घेतो. कर्नलला मेमरीत विसंगती दिसली आणि तसंच रेटत राहिलं, तर चुकीचा डेटा हार्ड डिस्कवर लिहिला जाऊन फायलींची वाट लागू शकते. म्हणून तो ठरवून थांबतो, आणि त्याआधी मृत्युपूर्व जबाब नोंदवतो.

मधला उपदेश रटाळ आहे. त्यात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधण्याचा सल्ला येतो. घरात हे पद बहुधा दहावीतल्या भाच्याकडे असतं!

खरी गोडी 'स्टॉप'नंतरच्या ओळीत आहे. तिथे एक कोड असतो आणि कंसात चार आकडे. समजा कोड 'ए' आहे, म्हणजे 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', आणि कंसातले पहिले तीन आकडे ४, २, १. पहिला आकडा म्हणजे मेमरीतला कोणता पत्ता मागितला गेला. ४ हा पत्ता शून्याला इतका खेटून आहे, की कुणीतरी रिकामा पॉइंटर भरलेला समजून वापरला, असा दाट संशय येतो. २ ही त्या क्षणी प्रोसेसर ज्या अग्रक्रमावर होता ती पातळी. तिथे असताना डिस्कवर गेलेलं मेमरीचं पान परत आणता येत नाही, त्यामुळे चुकीला माफी नाही. १ म्हणजे तिथे लिहायचा प्रयत्न झाला. नुसतं वाचायला गेलं असतं तर ० दिसलं असतं. आणि चौथा आकडा हा उद्योग करणाऱ्या सूचनेचा पत्ता. काय, कुठल्या परिस्थितीत, कशासाठी, कुणी: एवढं सगळं एका ओळीत! इतकी काटकसर मला भल्याभल्या लघुकथांत सापडलेली नाही.

खाली कधीकधी एखाद्या ड्रायव्हरचं नाव येतं. त्यावर लगेच विश्वास टाकू नये. मेमरी एकाने बिघडवायची आणि नाव दुसऱ्याचं यायचं, असंही होतं. म्हणून एका पडद्यावर निकाल देऊ नये. दर वेळी तोच कोड आणि तोच ड्रायव्हर दिसला तर तो ड्रायव्हर बदलावा किंवा जुनी आवृत्ती परत टाकावी. दर वेळी नवा कोड, नवं नाव असेल तर माझा संशय रॅमवर जातो. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावं, मग एकेक पट्टी काढून पाहावं. या तुलनेसाठी विंडोजच्या फोल्डरमधल्या 'मिनीडम्प'मध्ये प्रत्येक वेळची नोंद राहिलेली असते.

२०१२ साली विंडोज ८ आलं आणि मजकुराच्या जागी रडवेला चेहरा बसला. २०१६ मध्ये क्यूआर कोडची भर पडली. २०२५ मध्ये विंडोज ११ चा पडदा काळा झाला आणि चेहरा गेला, ते एक बरं झालं. संगणकाने आपल्याला सहानुभूती दाखवावी अशी माझी अपेक्षा नाही, आकडे द्यावेत. ते विंडोज ८ पासून नेहमीच्या पडद्यावर दिसत नाहीत. मात्र रजिस्ट्रीत 'क्रॅशकंट्रोल'खाली 'डिस्प्लेपॅरामीटर्स' नावाची नोंद करून तिला १ ही किंमत दिली, तर विंडोज १० मध्ये ते कोपऱ्यात परत येतात. सोबत आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकावी, नाहीतर वाचायच्या आत पडदा गायब.