हेन्री बेकरची हॅट

आर्थर कॉनन डॉयलच्या ‘द ब्लू कार्बंकल’ या कथेत चोरीला जातं ते एक मौल्यवान निळं रत्न. मनात घर करून राहते ती मात्र एक जुनी, विटलेली हॅट. शेरलॉक होम्सच्या सगळ्या कथांत मला ही सर्वांत मायाळू वाटते, आणि ती माया त्या हॅटमुळेच आहे.

नाताळ नुकताच झालेला. होम्सचा मित्र वॉटसन त्याच्या बेकर स्ट्रीटवरच्या घरी येतो तेव्हा ती हॅट खुर्चीच्या पाठीला अडकवलेली असते. रस्त्यावरच्या झटापटीत कुणाच्या तरी डोक्यावरून ती पडली आणि सणासाठी घरी चाललेला कलहंसही तिथेच राहिला. पक्ष्याच्या पायाला मिसेस हेन्री बेकरच्या नावाची चिठ्ठी, हॅटच्या अस्तरावर दोन आद्याक्षरं. वॉटसन हॅट उलटसुलट करून पाहतो, त्याला काहीच गवसत नाही. होम्स ती हातात घेतो आणि वाचू लागतो.

काठाची ही घडण तीन वर्षांपूर्वी निघालेली, फीत रेशमी, अस्तर उंची. म्हणजे तेव्हा हाती पैसा होता. त्यानंतर नवी हॅट घेतलेली नाही, म्हणजे दिवस फिरले. वाऱ्याने उडू नये म्हणून मुद्दाम इलॅस्टिक लावून घेतलं होतं. ते तुटलं, तर पुन्हा बसवलेलं नाही. मेणबत्तीच्या चरबीचे डाग पडलेत, म्हणजे घरात गॅसचा दिवा नाही. आणि कापडावरचे काही डाग झाकायला त्यांवर चक्क शाई फासलेली आहे. इथे वाचकाने थोडं थांबावं. परिस्थिती खालावली तरी चारचौघांत जाताना नीटनेटकं दिसावं ही इच्छा शाबूत आहे, एवढं सगळं डॉयल शाईच्या एका फासण्यात सांगून जातो. जुन्या वस्तूचं मोल तिच्या किमतीत नसून तिच्यावर साचलेल्या अशा खुणांत असतं, हे मला इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेलं नाही.

सगळेच तर्क इतके अस्सल नाहीत. हॅट मोठी, म्हणून डोकं मोठं, म्हणून बुद्धी मोठी, हा तर्क आज टिकत नाही. हॅटला ब्रश लागलेला नाही यावरून बायकोचं प्रेम आटल्याचा निष्कर्षही मला घाईचा वाटतो. पण धुळीचा तर्क लाखमोलाचा आहे. हॅटवरची धूळ रस्त्यावरची राखाडी, खरखरीत नाही. घरातली तपकिरी, मऊ धूळ आहे. होम्स म्हणतो, हा माणूस फारसा बाहेर पडत नाही.

पुढे हॅटचा मालक हेन्री बेकर स्वतः येतो. शब्द निवडून बोलणारा, शिकलेला, नशिबाचा मार खाल्लेला माणूस. कलहंस कुठून मिळाला हे सांगताना तो सहज बोलून जातो की, आम्ही काही जण म्युझियमजवळच्या अल्फा इन या मद्यगृहात बसतो, आणि दिवसा तर खुद्द म्युझियममध्येच असतो. चोरीचं रत्न त्या हरवलेल्या कलहंसाच्या पोटातच सापडलेलं असल्याने होम्सला हवा असतो तो दुकानाचा माग. तो मिळताच कथा अल्फा इनकडे आणि तिथून कोव्हेंट गार्डनच्या बाजाराकडे धावते.

मी मात्र म्युझियमच्या त्या वाक्यापाशी अडतो. ब्रिटिश म्युझियममध्ये तेव्हा देशाचं मुख्य ग्रंथालय होतं. तिथली घुमटाची गोल रीडिंग रूम १८५७ मध्ये उघडली. प्रवेशपत्र मिळालं की वाचायला पैसे पडत नसत. मार्क्सही तिथेच बसून वाचत असे. १८७९ मध्ये तिथे विजेचे दिवे आले. बेकर तिथे काय वाचतो, हे डॉयल सांगत नाही. तो वाचनासाठीच जातो, असंही कथा म्हणत नाही. पण घरी मेणबत्तीच्या उजेडात जिना चढणाऱ्या या माणसाला दिवसभर ऊब, उजेड आणि पुस्तकं फुकट मिळण्याची ती जागा होती. मग ती तपकिरी धूळ घरचीच कशावरून? दिवसभर खुंटीला टांगलेल्या हॅटवर ग्रंथालयाची धूळही तशीच बसेल. होम्सने धूळ अचूक ओळखली, तिचा पत्ता मात्र त्याने विचारलाच नाही, असं मला वाटतं.

रहस्यकथेची खरी गोडी मला अशा ठिकाणी लागते. रत्न सापडतं, चोर थरथरत कबुली देतो, होम्स त्याला सोडून देतो, चोरीचा आळ आलेल्या निरपराध हॉर्नरच्या सुटकेचा मार्ग मोकळा होतो. सगळं कोडं सुटतं. बेकर मात्र आपली हॅट आणि नवा कलहंस घेऊन निघून जातो आणि पुन्हा दिसत नाही. त्या तीन वर्षांत त्याचं काय बिनसलं? घरी त्याची वाट कोण पाहतं? ही कोडी डॉयलने तशीच ठेवली, आणि कथा आजही ताजी आहे ती त्यामुळेच. पूर्ण उकललेली कथा एकदा वाचून होते. हिच्याकडे परत यावं लागतं.

ही कथा ‘स्ट्रँड’ मासिकात जानेवारी १८९२ मध्ये आली. पुढच्याच वर्षी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. आपल्या वाचनालयांतही दिवसभर पेपर आणि पुस्तकं घेऊन बसणारे, इस्त्री मोडलेल्या पण स्वच्छ सदऱ्यातले बेकर असतात. तिथे त्यांना कुणी हटकत नाही, बंद व्हायची वेळ झाली की खुर्ची तेवढी मागे सरकते. वाचनालयाचा हिशेब मांडताना किती पुस्तकं बाहेर गेली ते मोजतात. अशी किती माणसं आत बसली, तेही मोजायला हवं.

भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या, आणि त्यांची पुस्तकं वाचनालयांतून आजही फिरतात. ही कथा हाती लागली तर हॅटचं पान संपलं म्हणून घाईने पुढे जाऊ नका. बेकर म्युझियमचं नाव घेतो, तिथवर सावकाश वाचा.