वाडा, चाळ आणि मधले घर

मराठी साहित्यात घरांना तोटा नाही. कथा, कादंबरी, नाटक वा आत्मचरित्र, कोणताही प्रकार घेतला तरी कोणता ना कोणता उंबरठा ओलांडल्यावाचून वाचकाला पुढे जाता येत नाही. तथापि या घरांची प्रतवारी करू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या समीक्षेने ज्यांची आवर्जून दखल घेतली ती घरे बहुधा दोनच जातींची आहेत: एक ढासळणारा वाडा, दुसरी गजबजलेली चाळ. पहिल्याविषयी आपण हळहळतो, दुसरीविषयी हसतो किंवा कणव बाळगतो. या दोहोंच्या मध्ये लहान गावांतील जुन्या वस्तीची जी शेकडो घरे आहेत, भिंतीला भिंत लावून उभी असलेली, शिंप्याची, तेल्याची, किराणा दुकानदाराची, चार एकर संत्र्याच्या बागेवर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याची, त्यांच्याविषयी काय म्हणावे हे आपल्याला अजून नीटसे सुचलेले नाही. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांतील अशाच घरांच्या सहवासात गेले असल्यामुळे ही उणीव त्याला अधिक जाणवत असेल. पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

प्रथम चाळीचा विचार करू. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली प्रसिद्ध झाली. सोकाजी त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर ही मंडळी आता मराठी कुटुंबाचीच घटक झाली आहेत. पुलंनी चाळीचे सामाईक जिणे पकडले. खोली लहान असल्यामुळे माणसाला बाहेर यावेच लागते आणि बाहेर आलेला माणूस इतरांना दिसतो, हे त्या विनोदाचे मर्म होय. शेवटच्या चिंतनात मात्र हसू ओसरते आणि पाहणाऱ्याची नजर हळवी होते. पुढील अनुकरणकारांनी ते मर्म सोडले आणि हळवेपणा तेवढा उचलला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

वाड्याच्या बाबतीत दोष कलाकृतीचा नसून आपल्या वाचनाचा आहे. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. धरणगावकर देशपांड्यांच्या अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हे सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे प्रतीक आहे, हे वाक्य आज महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थी तोंडपाठ म्हणतो. ते चूक नव्हे. परंतु नाटकात तो ट्रॅक्टर आधी एक अडथळा आहे. घरातली सगळी कामे उपसणारा चंदू त्याच्यावर ठेचकाळतो आणि त्याचा पाय जायबंदी होतो. कोणाचा पाय दुखावला आणि त्या दुखण्याकडे कोणाला लक्ष द्यायला सवड झाली नाही, यात त्या घराची सारी रचना उघडी पडते. वस्तू प्रथम वस्तू म्हणून खरी असते, म्हणूनच ती पुढे प्रतीक होऊ शकते. आपण पायरी चुकवून वरच्या मजल्यावर उडी घेतो आणि घराला घर म्हणून पाहण्याची सवय गमावून बसतो.

आता मधल्या घराकडे वळू. पांढुर्णा हे जाम नदीकाठचे गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे गोटमार होते; नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका तीरावरून पांढुर्ण्याची व दुसऱ्या तीरावरून सावरगावची माणसे दगड फेकतात, माणसे जखमी होतात आणि वृत्तपत्रांना या गावाची आठवण होते. आदल्या दिवशी याच वस्तीत दारोदार बैलांची पूजा झालेली असते, याची बातमी होत नाही. वर्षातील उरलेल्या दिवसांचा इतिहास घरांत घडतो आणि तो लिहिण्याचे काम साहित्याचेच आहे.

या भागातील जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब आणि वर कवेलू. रस्त्याला लागून छपरी, कोणी तिला सपरी म्हणतात. आत माजघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि मागे सांदवाडी. ऐपत असेल तर माजघरात बंगई. छपरी ही केवळ जागा नाही, तो एक व्यवहार आहे. शिंप्याचे यंत्र तेथेच चालते, संत्र्याच्या बागेचा सौदा तेथेच ठरतो, पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या तेथेच दिला जातो आणि दुपारी शेजारणी तेथेच धान्य निवडतात. घर आणि रस्ता यांचे नाते छपरीने सांभाळले होते. आज वस्तीतले सिमेंटचे रस्ते दर दुरुस्तीला वर चढतात आणि जुने उंबरठे खाली जातात. पावसाळ्यात रस्त्याचे पाणी छपरीत शिरते. शेजाऱ्याने नवे घर उंच जोत्यावर बांधले की सामाईक भिंत उघडी पडते, आणि एकाच्या घरबांधणीत दुसऱ्याचे घर भिजते. येथे नाट्य नाही असे कोण म्हणेल?

येथे एक आक्षेप संभवतो. हे सारे स्मरणरंजन नव्हे काय? ज्यांनी मातीच्या घरात दिवस काढले त्यांनाच ते घर पाडण्याची घाई असते, आणि ती रास्त आहे. दर उन्हाळ्याच्या अखेरीस घर शाकारावे लागे; माकडांची एक टोळी येऊन गेली की निम्मे कवेलू फुटत; आढ्यात विंचू निघत; सारवणाचे काम बायकांच्या पाठीवर असे. शिवाय त्या घराच्या प्रत्येक पायरीवर एक अदृश्य रेघ होती. कोणी अंगणातच थांबायचे, कोणी छपरीपर्यंत यायचे, माजघरात कोणाला प्रवेश होता, हे जातीने आणि लिंगाने ठरत असे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनाने महारवाड्यातील घरांच्या आतला संसार, तेथील उपासमार आणि सासुरवास, जो निर्भीडपणे मांडला, तो वाचल्यावर जुन्या घराविषयी सरसकट गहिवरणे अशक्य व्हावे. म्हणून आक्षेप मान्य करून इतकेच म्हणतो की, गहिवरण्यासाठी नव्हे तर न्याय करण्यासाठीही घर बारकाईने पाहावे लागते. ज्याला छपरी आणि माजघर यांतील अंतर ठाऊक नाही, त्याला ती रेघही दिसणार नाही.

असे पाहणे मराठीला साधत नाही असेही नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. पांढुर्ण्याहून सीमा ओलांडली की ज्या अमरावती जिल्ह्यातले वरूड लागते, तेथपासून पसरलेली वऱ्हाडी बोली तिच्या पानापानांत आहे. कौतिकचे घर हे कशाचेही रूपक नाही. चूल पेटणार की नाही हा तेथील रोजचा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नातूनच तिचे माणूसपण उभे राहते. शेळक्यांना जे यश आले ते त्यांनी दारिद्र्याचा विषय निवडला म्हणून नव्हे, तर त्या घरातील माणसे आणि वस्तू ज्या शब्दांनी ओळखली जातात ते शब्द त्यांनी बदलले नाहीत म्हणून आले. समीक्षेने ‘प्रादेशिक’ हे लेबल लावून या यशाचे मोल कमी केले, ही आमची तक्रार आहे.

आमच्या बाजूला प्रश्न आणखी बिकट आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्यातूनच २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीची आणि बहुतेक शाळांची भाषा हिंदी, पुष्कळ घरांची मराठी. शरच्चंद्र मुक्तिबोध आणि गजानन माधव मुक्तिबोध हे माळव्यातील एकाच मराठी घरातले सख्खे भाऊ; एकाने मराठीत ‘क्षिप्रा’ लिहिली, दुसरा हिंदीतील युगप्रवर्तक कवी झाला. हिंदीशी आमचे भांडण नाही, हे या उदाहरणावरून कळावे. पण ज्या घरात दोन भाषा नांदतात तेथे घराची भाषा कोणी मुद्दाम राखली नाही, तर ती घराबरोबर पाडली जाते. घरकुलाच्या सरकारी अर्जाला दोनच शब्द पुरतात, कच्चे आणि पक्के. जे घर कच्चे ठरले त्यातील छपरी, सांदवाडी, बंगई या शब्दांना नव्या पक्क्या घरात जागा राहत नाही. आजच्या मुलांच्या तोंडी तर ‘छपरी’ हा शब्द एखाद्याला हिणवण्याची शिवी होऊन बसला आहे. ज्या जागी आजोबा पाहुण्याला पाणी देत, त्या जागेचे नाव नातवाने शिवी म्हणून वापरावे, यापरते दारिद्र्य कोणते?

या अपराधात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका विद्यार्थ्याने ‘मेरा घर’ या हिंदी निबंधात लिहिले होते की, त्याची आजी दिवसभर छपरीत बसते. मी लाल शाईने तो शब्द खोडला आणि वर ‘बरामदा’ लिहिले. मुलगा हुशार होता. पुढच्या निबंधात त्याने बरामदा लिहिले, पण आजी त्यात नव्हती. त्या दुरुस्तीचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

म्हणून या पत्राच्या वाचकांना, ज्यांत बहुतेक माझ्यासारखेच शिक्षक आहेत, एवढीच विनंती. वाड्यावर आणि चाळीवर आपण पुष्कळ लिहिले. आता मधल्या घराविषयी लिहिणाऱ्याची वाट पाहू आणि तो आला की त्याच्या शब्दांवर लाल शाई चालवणार नाही, एवढे ठरवू. तोवर आपल्या वर्गातील मुलांना त्यांच्या आजी-आजोबांच्या घराविषयी त्याच घराच्या शब्दांत लिहू द्यावे. त्या वह्यांतून उद्याची कादंबरी निघेलच अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही. पण ती निघायची झाली तर दुसरीकडून निघण्याचा संभव फार थोडा आहे.