लेलंडचा एक प्रश्न

प्रवासवर्णनाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, याविषयीं रसिकांचें एकमत होणें कठीण आहे. कोणी भाषेची शोभा पाहतो, कोणी स्थलवर्णनाचा थाट पाहतो, तर कोणास प्रवाशाच्या संगतींत आपला वेळ सुखानें गेला एवढें पुरतें. आमच्या मतें याहून साधी अशी एक कसोटी आहे : प्रवासी ज्या गांवीं गेला, तेथें त्यानें कोणास काय विचारिलें? या कसोटीस उतरणारें एक लहानसें प्रकरण सोळाव्या शतकांतील इंग्रज पंडित जॉन लेलंड याच्या प्रवासटिपणांत आहे. वुस्टरशायर परगण्यांतील ड्रॉइटविच या बाजारपेठेच्या गांवाविषयीं तें असून त्याचा विषय मीठ हा आहे.

ड्रॉइटविच समुद्रापासून दूर आहे. परंतु तेथील भूमीखालीं मिठाचे थर असल्यामुळें झऱ्यांचें पाणी समुद्राच्या पाण्याहून सुमारें दहापट खारें निघतें. रोमन लोकांनीं या स्थळास जें नांव दिलें, तेंही मिठावरूनच. आपल्या कोंकणांतील मिठागरांत जें काम ऊन आणि वारा करितात, तें तेथें विस्तवाकडून करवून घ्यावें लागे. विहिरींतलें पाणी शिशाच्या काहिलींत ओतावयाचें, खालीं जाळ लावावयाचा आणि पाणी आटेल तसें मीठ गोळा करावयाचें. यामुळें या गांवचा इतिहास जितका मिठाचा, तितकाच लांकडाचाही आहे. १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ नामक राजदप्तरांत शेजारच्या ब्रॉम्सग्रोव्ह गांवीं ३०० मापें मिठासाठीं ३०० गाड्या लांकूड दिलें जात असल्याची नोंद आहे. पुढें १२१५ सालीं जॉन राजानें वार्षिक १०० पौंड खंड ठरवून या गांवास सनद दिली, आणि मिठाचा हक्क तेथील नागरिकांकडे आला.

अशा या गांवीं लेलंड १५४० च्या सुमारास आला. आठव्या हेन्रीनें त्यास १५३३ मध्यें मठांतील ग्रंथसंग्रह धुंडाळण्याची आज्ञा दिली होती. तो ग्रंथ शोधतां शोधतां देशही पाहूं लागला. ड्रॉइटविचविषयीं त्यानें लिहिलेला मजकूर फार थोडा आहे. पाऊस पडला कीं गांवांत चिखल होतो. खाऱ्या पाण्याचे झरे तीन, त्यांत एक मुख्य. भट्ट्या सुमारें ४००. इतकें कोणताही डोळस प्रवासी लिहिता. परंतु लेलंड येथें थांबत नाहीं. तो मीठ आटविणाऱ्या एका माणसास गांठतो आणि विचारतो : वर्षास लांकूड किती जळतें? तो माणूस अदमासानें सांगतो : ६००० गाड्या.

हा प्रश्न आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. लेलंड हा लॅटिन काव्य रचणारा, राजाश्रय लाभलेला विद्वान. भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसास विचारण्याजोगें कांहीं आहे, असें त्या काळच्या पंडितास सहसा सुचत नसे. शिवाय त्यानें मीठ किती निघतें हें न विचारतां लांकूड किती जातें हें विचारिलें, यांतच त्या धंद्याचें मर्म त्यास कळलें होतें असें दिसतें. धगधगत्या ज्वाळांचें आणि धुरानें कोंदलेल्या आकाशाचें अलंकारिक वर्णन करून जें साधलें नसतें, तें त्या एका आंकड्यानें साधलें आहे. भोंवतालचीं रानें कशी ओसरत असतील, हें वाचकास न सांगतांच दिसूं लागतें.

याच टिपणांत दुसरें एक वाक्य आहे. त्याचा आशय असा कीं, या गांवचे नागरिक बहुतेक गरीब आहेत. कारण मिठाचा मोठा नफा सरदार-जमीनदारांकडे जातो आणि कष्ट तेवढे नागरिकांच्या वांट्यास येतात. सनदेनें हक्क दिला होता तो नागरिकांस. सव्वातीनशें वर्षांनीं हातीं राहिलें काय, तें लेलंडनें एका ओळींत सांगितलें. यावर त्यानें हळहळ व्यक्त केली नाहीं, उपदेशही केला नाहीं.

हें वाङ्मय नव्हे, ही नुसती जंत्री आहे, असा आक्षेप येथें कोणी घेईल. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. लेलंडनें या टिपणांवरून राजासाठीं एक भव्य ग्रंथ रचण्याचें योजिलें होतें. परंतु १५४७ मध्यें त्यास वेड लागलें, १५५२ मध्यें तो वारला, आणि हीं टिपणें १७१० नंतर टॉमस हर्न यानें छापून काढिलीं. आमची अशी शंका आहे कीं, तो भव्य ग्रंथ पुरा झाला असता तर त्या मीठवाल्याचें उत्तर त्यांतून बहुधा गळलें असतें. राजास अर्पण करावयाच्या ग्रंथांत भट्टीवरच्या माणसास जागा मिळणें दुरापास्त. जंत्री राहिली म्हणूनच तें उत्तर टिकलें. आणि मीठ हा विषयच क्षुद्र, असें तर मराठी वाचक म्हणणार नाहीं; १९३० सालचें शिरोडें त्याच्या स्मरणांत आहे.

तरी लेलंडचा दोषही सांगितला पाहिजे. ज्यानें उत्तर दिलें त्याचें नांव त्यानें लिहिलें नाहीं. आणि लांकडाचा हिशेब विचारल्यावर ‘तुला काय मिळतें?’ हा दुसरा प्रश्न अगदीं ओठांवर यावयास हवा होता, त्याचें उत्तर टिपणांत नाहीं.

हा दुसरा प्रश्न पुढेंही मागेंच पडला. लोकांनीं कथा जपली ती संत रिचर्डची : झरा आटला होता, तो या गांवच्या सुपुत्राच्या पुण्याईनें पुन्हा वाहूं लागला. लेलंडनें ही कथा लोकांची भोळी समजूत म्हणून बाजूस सारली. पण विसाव्या शतकांत गेब्रिएल पिपेट यांनीं योजिलेल्या सुंदर मोझेक चित्रांतून संताचें चरित्र तेथील कॅथॉलिक चर्चच्या भिंतींवर पुन्हा झळकलें. एकोणिसाव्या शतकाची कथा आहे ती ‘मिठाचा राजा’ जॉन कॉर्बेट याची. नावाड्याच्या घरीं जन्मून त्यानें जवळच्या स्टोक प्रायर येथील कारखाना भरभराटीस आणिला, कामकऱ्यांस घरें व शाळा दिली, आणि १८७५ मध्यें स्वतःसाठीं फ्रेंच धर्तीचा प्रासाद पुरा केला. संत आणि धनिक दोघेही स्मरणास पात्र आहेत. परंतु दोन्ही कथांत मीठ हें देणगीच्या रूपानें येतें, कष्टांच्या रूपानें नव्हे.

ड्रॉइटविच गांवांतील मिठाचा धंदा १९२२ मध्यें बंद पडला. चित्रें आहेत, प्रासादही आहे. पण भट्टीपुढें उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज ऐकावयाचा असेल, तर त्या निनांवी मीठवाल्याच्या ६००० गाड्यांकडेच वळावें लागतें. एका प्रश्नानें लेलंडनें एवढें मिळविलें. दुसरा प्रश्न विचारण्याचें काम त्यानें पुढील लेखकांवर सोपविलें आहे, असें आम्ही समजतों.