विकीच्या पानावर काय उतरत नाही

संयोजकांनी मला विषय दिला तो 'कार्यालयीन ग्रंथालयं आणि विकी' असा. निमंत्रणपत्रिकेत त्यापुढे 'नव्या संधी' असे दोन शब्द छापलेत, ते माझे नाहीत. (हशा)

मी जवळजवळ तीस वर्षं कारखान्यांच्या ग्रंथालयांत काढली. म्हणजे जिथे कादंबऱ्या नसतात. मानकं, पेटंट, ड्रॉइंग आणि जुने चाचणी अहवाल असतात. तिथला वाचक हौसेनं वाचायला येत नाही. तो कुठेतरी अडलेला असतो म्हणून येतो. मी बोलणार ते त्याच्याबद्दल.

विकीची मूळ कल्पना साधी आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरनं २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस धावायची, हवाई भाषेत त्याचा अर्थ 'भराभर'. तिथून हे नाव आलं. पान वाचणाऱ्यालाच ते दुरुस्त करता यावं, मध्ये कुणाची परवानगी नको, एवढंच. २००१ मध्ये विकिपीडिया आला, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया. मग २००५-०६ च्या सुमारास आपल्या क्षेत्रात एक लाटच आली. मायकेल केसी यांनी 'लायब्ररी २.०' म्हटलं, अँड्र्यू मॅकॅफी यांनी 'एंटरप्राइझ २.०'. ते सगळं साहित्य मी अधाशासारखं वाचलं. आमच्या कंपनीत विकी बसवण्याचा प्रस्तावही मीच दिला होता, हे आधीच कबूल करते.

त्या साहित्यावर माझा आक्षेप असा, की बाहेर जे घडलं ते ऑफिसच्या भिंतींच्या आतही घडेल, असं त्यात जवळजवळ सगळ्यांनी धरून चाललं होतं. आता साधा आकड्याचा प्रश्न बघा. याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला: अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, आणि एक जण बहुतेक सगळं लिहितो. जगभरच्या वाचकांतला एक टक्का म्हणजे मोठी फौज. तीनशे माणसांच्या ऑफिसात एक टक्का म्हणजे तिघं, आणि त्यातल्या एकाची बदली झालेली असते.

पण आकडा ही किरकोळ अडचण झाली. खरी गोष्ट नावाची आहे. विकिपीडियावर टोपणनावानं लिहिता येतं. ऑफिसच्या विकीवर प्रत्येक बदलापुढे तुमचं नाव आणि वेळ उमटते, आणि ते पान तुमचे साहेब वाचतात. मराठी विकिपीडियावर चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हणतात, फार छान शब्द आहे. पण चावडीवर पाटलांच्या विहिरीबद्दल कोण बोलतं?

आमच्याकडचंच सांगते. हीट ट्रीटमेंटच्या एका भट्टीतून निघालेल्या काही नगांना हार्डनेस भरत नव्हता. विकीवर त्या चाचण्यांचं पान झालं, अगदी झकास: तक्ते, तारखा, लॉट नंबर, सगळं. शेवटी 'निष्कर्ष समाधानकारक नाहीत, पुढील चाचण्या आवश्यक.' काही दिवसांनी तिथले एक जुने फोरमन एक मानक शोधायला माझ्याकडे आले. मी सहज विषय काढला. ते म्हणाले, "मॅडम, त्या भट्टीचा मागचा कोपरा थंडच राहतो. मागच्या रांगेतलेच नग मऊ निघतात. पण हे तुम्ही त्या पानावर घालू नका हं. साहेबांनी स्वतः पसंत करून आणलीय ती भट्टी."

मी ते घातलं नाही. त्या पानावर जे होतं त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ज्याला गरज होती त्याच्या कामाचं वाक्य तेवढं नव्हतं. ते संदर्भसेवेच्या टेबलाशी बोललं गेलं, कारण तिथे ऐकणारं माणूस एकच होतं आणि ते चुगली करणारं नव्हतं.

आमच्या विकीवरचं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं पान कोणतं, सांगू? कंपनीतल्या इंग्रजी आद्याक्षरांची यादी. कुणाची अब्रू जात नव्हती, आणि नव्या मुलांना रोज लागायची. उत्तम पान होतं ते, मी गमतीनं म्हणत नाहीये.

आता मोठं उदाहरण. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनी २००६ मध्ये 'इंटेलिपीडिया' जाहीर केली. तिथे निनावी लिहिता येत नाही, आणि विकिपीडियासारखा तटस्थतेचा आग्रहही नाही. आपलं मत आपल्या नावानं मांडायचं. सुरक्षेत एवढे वाकबगार लोक, एवढी साधनं. तरी वरिष्ठांपुढे जाणारे औपचारिक अहवाल तपासणीच्या जुन्याच वाटेनं जात राहिले. मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली. पानं नीट लावणाऱ्यांना, म्हणजे तिथल्या भाषेत बागकाम करणाऱ्यांना, एक छोटं फावडं बक्षीस द्यायचे. पान लिहिणं एक आणि त्याची निगराणी करणं दुसरं, हे निदान त्यांना कळलं होतं.

आमच्याकडे उलट झालं. सगळं विकीवर आलंय, मग ग्रंथपालाची जागा कशाला, असा हिशेब झाला. जागा गेली. पुढे सर्व्हर बदलला, निम्म्या पानांचे दुवे तुटले, ते जोडणारं कुणी नव्हतं. बाहेरच्या फुकट सेवांवर विसंबलेल्यांचं तर विचारूच नका. डिलिशसवर मेहनतीनं टॅग लावलेले बुकमार्क आठवा. ती सेवा याहूनं २००५ मध्ये घेतली, मग हात बदलत राहिली, २०१७ मध्ये नवं काही जोडणं बंद झालं. विकीस्पेसेस २०१८ मध्ये बंद.

आता लोक म्हणतात, मॅडम, व्हॉट्सॲप आहे ना, प्रत्येक शॉपचा ग्रुप आहे. आहे खरा. आणि भट्टीच्या कोपऱ्याची गोष्ट तिथे लिहिली जातेही, कारण ऐकणारे कोण ते माहीत असतं. पण दोन महिन्यांनी ती कुणाला सापडत नाही, आणि नव्यानं आलेल्या मुलाला ती दिसतच नाही.

म्हणून माझं म्हणणं विकी काढून टाका असं नाही. ती ग्रंथपालानं लिहावी, आणि टेबलाशी आलेल्या प्रश्नांवरून लिहावी. रंगनाथनांनी १९३१ मध्ये वाचकाचा वेळ वाचवण्याचा नियम घातला, तो इथे लागू होतो. प्रश्न काय होता, कोणत्या मानकात, कोणत्या फाइलीत उत्तर मिळालं, आणि जे कागदावर नाही ते कुणाला विचारायचं, एवढं पानावर असावं. फोरमनचं वाक्य नको. 'या भट्टीवर काम करण्याआधी अमुक शॉपमधल्या जुन्या माणसाशी बोला' ही ओळ पुरे. खाली सही ग्रंथालयाची, म्हणजे झळ बसली तर ग्रंथालयाला.

असं एक रजिस्टर मी हातानं ठेवत असे. लांबट, लाल पाठीचं. निघताना स्टोअरमध्ये जमा केलं आणि पावती घेतली. मागच्या वर्षी तिथल्या एका तरुण इंजिनिअरचा फोन आला: मऊ नग, मागची रांग, तीन आठवडे झाले शोधतोय. मी त्याला रजिस्टरबद्दल विचारलं. स्टोअरमधल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. पावती माझ्याकडे अजून आहे.

घड्याळाकडे बघतेय मी. मागच्या रांगेत एक हात मघापासून वर आहे, तो प्रश्न आधी घेऊ या.