हस्तलिखिताची घडण आणि वाचनाचा अधिकार

बेंगळुरूतील बसवनगुडी ही वस्ती नंदीच्या देवळावरून ओळखली जात असली, तरी माध्व मठांचेही ते एक महत्त्वाचे केंद्र आहे. येथील उत्तरादि मठाचे अनुयायी महाराष्ट्रातील देशस्थ कुटुंबांतही असल्यामुळे या परंपरेचा ग्रंथव्यवहार मराठी अभ्यासकाला परका नाही. प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न असा की, धार्मिक हस्तलिखिताची घडण ही संहितेचे केवळ वेष्टन असते, की तिच्या अर्थाचाच एक भाग?

मध्वाचार्यांच्या ‘सर्वमूल’ ग्रंथांची एक जुनी ताडपत्रप्रत उडुपीच्या मठपरंपरेत जतन झाली आहे. एकोणिसाव्या शतकात रक्षणाच्या हेतूने तिच्या पानांना तेल लावले गेले. पुढे त्यामुळेच पाने काळवंडली आणि अक्षरे दिसेनाशी झाली. २००६ साली रॉचेस्टर येथील शास्त्रज्ञांनी अवरक्त प्रकाशात घेतलेल्या प्रतिमांमुळे ती पुन्हा वाचता आली. संहिता वाचली, हे निर्विवाद. तथापि वाचनाची मूळ व्यवस्था त्या प्रतिमेत येत नाही. लोखंडी लेखणीने कोरलेल्या अक्षरांत काजळी भरावी लागते. अरुंद पान एका वेळी फार तर दोघा-तिघांना वाचता येते. असे पान गुरूच्या सान्निध्यातील अध्ययन गृहीत धरते. शिवाय ताडपत्र अल्पायुषी असल्याने ग्रंथाचे चिरंतनत्व वस्तूत नसून पुनःपुन्हा नक्कल करणाऱ्या शिष्यपरंपरेत असते.

मराठीतील दोन उदाहरणे या निरीक्षणाला निराळे परिमाण देतात. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद पासोडीवर, ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. हे वस्त्र पसरल्याशिवाय वाचता येत नाही, आणि पसरले की ते एकट्याचे राहत नाही. तत्त्वज्ञान येथे समुदायासमोर उलगडते. याउलट महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे आदींनी त्यांचा उलगडा करीपर्यंत ते पंथाबाहेरच्या वाचकाला जवळजवळ अप्राप्य होते. एका ठिकाणी घडण वाचकाला बोलावते, दुसऱ्या ठिकाणी त्याचा अधिकार तपासते.

आपली पाठचिकित्सा मात्र या तिन्हींना एकाच मापाने मोजते. पाठभेद नोंदवले, शुद्ध संहिता छापली की संपादकाचे कार्य संपले असे मानले जाते. त्यामुळे पासोडीतील ओव्या ग्रंथाच्या पानावर येतात, पण त्यांचा विस्तार हरवतो; सकळ लिपीतील ग्रंथ बाळबोधीत येतो, पण त्याचे मौन हरवते. संहिता सर्वांसाठी खुली होणे हा लाभच होय, आणि पंथीय मर्यादांचे पुनरुज्जीवन कोणी सुचवणार नाही. परंतु जे कोणासाठी, किती जणांसाठी आणि कोणत्या अटींवर लिहिले गेले हेच विसरले, तर कन्नड व मराठी भक्तिपरंपरांची आपण करतो ती तुलना केवळ आशयाची तुलना उरते.

म्हणून तौलनिक अभ्यासाने संहितांच्या जोडीने वाचनव्यवस्थांचीही तुलना करावयास हवी. लेखनद्रव्य, आकार, लिपी आणि बांधणी यांच्या नोंदी प्रस्तावनेच्या कोपऱ्यात न राहता अर्थनिर्णयात उपयोगात आल्या पाहिजेत. तेलाने काळवंडलेले पानही या दृष्टीने दोषयुक्त साधन नव्हे. ग्रंथ जपण्याची परंपरेची कल्पना त्यावर उमटलेली आहे, आणि ती वाचणे हाही संपादनाचाच भाग होय.